परात जमिनीवर घ्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीने लिहिलं आहे. वय 38, पतपेढीत नोकरी. घरात नवरा, सासूबाई, 11 वर्षांची मुलगी आणि 7 वर्षांचा मुलगा. त्या म्हणतात: माझी आई बिबड्या करायची, कुरडया करायची, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची. माझ्या मुलांना यातलं काहीच मिळत नाही, याची बोच होती. म्हणून मागच्या दिवाळीत बोनसमधून ओव्हन घेतला आणि ठरवलं, दर रविवारी मुलांबरोबर हाताने काहीतरी करायचं. पहिल्याच केकच्या वेळी दोघं भांडली, मैदा घरभर झाला, केक मधोमध बसला आणि मी दोघांवर ओरडले. सासूबाई म्हणाल्या, ‘दुकानमा भेटस ना, कसाले इतला पसारा मांडी राहिनी?’ क्रोशाचं तोरण घेतलं होतं, तेही अर्धवट पडलंय. परवा मुलगी म्हणाली, ‘मम्मी, वाढदिवसाला केक दुकानातलाच आण हं, घरचा नको.’ त्या रात्री मला रडू आलं. फोनवर बघते तर बाकीच्या आया किती छान करतात. मी हे सोडून द्यावं की नेटाने करत राहावं? मी काहीच केलं नाही तर मुलांच्या बालपणात काही कमी राहील का?

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात ओव्हन आहे, केक आहे, तोरण आहे, पण मी अडकले ती पहिल्याच ओळीत. ‘माझी आई बिबड्या करायची.’ एकटी करायची का हो? मला नाही वाटत. बिबड्या एकटीच्याने होतच नाहीत. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, धुवायची, कांडायची. पहाटे उठून मोठ्या पातेल्यात तिखट, लसूण, तीळ घालून शिजवायची आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर ओल्या कापडावर गरम गरम पापडासारखी थापायची. हाताला चटके बसतात, दर थापेला हात पाण्यात बुडवावा लागतो. एकीने ढवळायचं, दुसरीने पातेल्यातून काढून द्यायचं, तिघी-चौघींनी थापायचं. आज आपल्याकडे, उद्या शेजारी, परवा काकूंकडे, अशी पाळी लागायची. आणि तुम्ही तेव्हा काय करत होतात? बहुतेक काठी घेऊन कावळे हाकत होतात. नाहीतर अर्धवट वाळलेल्या बिबडीचा तुकडा मोडून खात होतात. कुरडयांच्या दिवशी चिकाची वाटी मिळते म्हणून कोणी न उठवता उठत होतात.

तुमची आई तुम्हाला छान बालपण मिळावं म्हणून हे करत नव्हती. पावसाळ्यात भाजीची चणचण असते, तेव्हा तोंडी लावायला घरात काहीतरी हवं म्हणून करत होती. तुमचं बालपण त्या कामाच्या कडेकडेने झालं. तिथे तुम्हाला खुश ठेवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. चार बायका बोलत होत्या, हसत होत्या, एखादी सासरचं दुःखही सांगत होती, आणि तुम्ही त्यात होतात.

तुम्ही मात्र आठवड्यातली एकमेव सुट्टी घेतलीत आणि सगळं एकटीच्या अंगावर ओढलंत. सामान तुम्ही आणायचं, कृती तुम्ही वाचायची, मुलांची भांडणं तुम्ही सोडवायची, भांडी तुम्ही घासायची, आणि सगळ्यांना आनंद होतोय ना हेही तुम्हीच बघायचं. शनिवारपर्यंत पतपेढीत मान मोडून काम केल्यावर. तुम्ही ओरडलात यात मला तुमचा दोष दिसत नाही. चौघींचं काम एकीने केलं की असंच होतं, मग तो केक असो की बिबड्या.

म्हणून ‘सोडू की नेटाने करू’ या तुमच्या प्रश्नाच्या आधी मला वेगळाच प्रश्न विचारावासा वाटतो. हे काम घरातल्या किती जणांचं आहे?

आधी एक अगदी साधी गोष्ट. आपल्या आयांचा स्वयंपाक जमिनीवर होता. चूल खाली, पाटा खाली, परात खाली. रांगतं मूलसुद्धा कणकेपर्यंत पोचायचं आणि एक गोळा पळवायचं. आता ओटा पावणेतीन फूट उंच असतो. सात वर्षांच्या मुलाच्या तो छातीशी येतो. त्याला भांड्यात काय चाललंय ते नीट दिसत नाही. मग तो स्टुलावर चढतो, बहिणीचा कोपर लागतो, मैदा सांडतो. तुमच्या घरचं निम्मं भांडण त्या उंचीचं असावं असा माझा अंदाज आहे. पुढच्या वेळी जुनी साडी अंथरा, परात जमिनीवर घ्या आणि तिच्याभोवती गोल बसा. सांडेल ते साडीत राहील, साडी अंगणात झटकली की काम संपलं. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खुर्ची द्या, पण गोलात घ्या.

आणि कामं आधी वाटा. तुमच्या घरी कानबाई देवीचे रोट होत असतील. श्रावणात त्या रोटांसाठी घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून घेतात. ही मोजणी मला फार आवडते. दळणात आपली मूठ आहे, हे ज्याच्या नावाची ती असते त्याला कळतं. मुलांना ‘मदत कर’ म्हटलं की काय करायचं ते कळत नाही आणि दोघं एकाच चमच्यावर झेपावतात. ‘वजनकाटा तुझा, केळी कुस्करणं तुझं’ असं सांगितलं की दोघांची मूठ ठरते. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्याच. वाटी-चमच्याच्या मापात दोन मुलांचे तीन वाद होतात. काट्यावर 200 ग्रॅम म्हणजे 200 ग्रॅम.

आता सासूबाई. त्यांच्या वाक्याने तुम्ही दुखावलात, ते समजतं. पण मला त्यात टोमण्यापेक्षा वेगळं काही ऐकू येतं. ज्या बाईने उभा जन्म हाताने रांधलं, तिच्या घरात भाजण्याचं एक नवं यंत्र आलं, नवी कृती आली, आणि त्यात तिला कोणी काही विचारलं नाही. बेकिंग आपल्याकडे ओव्हनबरोबर आलं असं तुम्ही धरून चाललात. खानदेशात वरण-बट्टी काय आहे मग? शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे पुरून भाजायचे, हे बेकिंगच की. किती आच, केव्हा उलटायचं, आतून शिजलं हे बोटाने टिचकी मारून कसं ओळखायचं, हे सासूबाईंच्या हातात असणार.

म्हणून माझी विनंती आहे की ओव्हनचा पुढचा रविवार बट्टीचा करा, आणि गुरू त्यांना करा. अर्धा किलो गहू जाडसर दळून आणा, त्यात मूठभर मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ, चिमूटभर सोडा आणि तेलाचं सढळ मोहन. घट्ट भिजवा. मोठ्या लिंबाएवढे गोळे वळायला दोन्ही मुलांना बसवा. ओव्हन आधी 10 मिनिटं तापवून 200 अंशांवर साधारण 30 ते 35 मिनिटं भाजा आणि मध्ये एकदा उलटा. वरून तडे गेले तर आनंद माना, तूप त्यातूनच आत जातं. तुम्हाला सुरुवातीला असाच पदार्थ हवा आहे, ज्यात वेडावाकडा गोळा चालतो. केक फार मानी असतो, जरा चुकलं की बसतो. बट्टी कधी बसत नाही.

केक का बसला तेही सांगते, कारण हे विचारणारी पत्रं मला बऱ्याचदा येतात. बहुतेक वेळा तीन कारणांतलं एक असतं. मुलं सारखी ‘झालं का, झालं का’ करतात म्हणून आपण ओव्हनचं दार लवकर उघडतो, आतली हवा थंड होते आणि अजून न धरलेला केक खाली येतो. किंवा सोडा घातल्यावर मिश्रण तसंच राहतं. सोड्याला दह्याची आंबट साथ मिळाली की वायू लगेच सुटायला लागतो, तो भांड्यातच निघून गेला तर ओव्हनमध्ये फुलायला काही उरत नाही. किंवा भरपूर फुगावा म्हणून सोडा जास्त पडतो, केक भराभर वर येतो आणि तितक्याच वेगाने खाली बसतो. बेकिंग पावडर जुनी वाटली तर चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा, फसफसली नाही तर टाकून द्या. म्हणजे बघा, चूक मुलांच्या भांडणाची नव्हती आणि तुमचीही नव्हती.

तरी केकच करायचा असेल तर केळ्याचा करा. रावेर-यावलची केळी आपल्या दारात येतात. साल काळी पडून कोणी खाईना झालेली केळी यासाठी सगळ्यात चांगली, कारण तोवर त्यांची गोडी वाढलेली असते आणि कुस्करायलाही ती सोपी जातात. तीन मोठी केळी म्हणजे अंदाजे 300 ग्रॅम गर, त्यात 120 ग्रॅम साखर किंवा किसलेला गूळ, 80 मिलिलिटर तेल, चार चमचे दही. हे हाताने एकजीव करू द्या मुलाला, कोपरापर्यंत भरला तरी चालेल. मग 200 ग्रॅम गव्हाचं पीठ, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा एकत्र चाळून त्यात घाला आणि फार न घोटता लगेच भांड्यात ओता. 180 अंशांवर 40 ते 45 मिनिटं. पहिली 30 मिनिटं दाराला हात लावायचा नाही, हा पहारा मुलीकडे द्या. गव्हाचं पीठ आणि केळं दोन्ही जड, त्यामुळे हा केक दुकानातल्यासारखा हलका होणार नाही, हे मुलांना आधीच सांगा. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी हाच केक कुकरमध्ये करावा. तळाला मीठ पसरायचं, पाणी अजिबात नाही, शिट्टी आणि रिंग काढून ठेवायची, मंद आच.

आता मुलीचं वाक्य, ज्याने तुम्ही रडलात.

केक दुकानातून आणा. कुरकुर न करता, तिच्या आवडीचा, तिचं नाव लिहिलेला. अकराव्या वर्षी मैत्रिणींच्या घरी जसा असतो तसाच आपल्याकडे असावा, ही इच्छा फार खरी असते. तिने तुमचं प्रेम नाकारलं नाही, ती फक्त चार मैत्रिणींसमोर उठून दिसायला घाबरते आहे. वाढदिवस तिचा आहे. तिथे आपली हौस आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि घरचं म्हणजे नेमकं काय, याबद्दल माझी एक आठवण. मी धुळ्यात वाढले. दिवाळीच्या आधी वडील आम्हाला भट्टीवर न्यायचे. मैदा, साखर आणि तूप घरून न्यायचं, बिस्किटं करून आणायची. तिथे हीऽ गर्दी. आमचा नंबर लागेपर्यंत रात्रीचे अकरा वाजायचे. भट्टीवाले चाचा आमच्यासमोर पीठ मळायचे, साच्याने पट्ट्या पाडायचे, लांब दांड्याच्या उलथण्याने ट्रे आत सारायचे. ट्रेवर आमच्या नावाची चिठ्ठी. ती दुसऱ्याच्या ट्रेवर जाऊ नये म्हणून मी डोळे फाडून बघत असायची. मग गरम बिस्किटं पत्र्याच्या डब्यात भरून, डबा सायकलच्या कॅरियरला बांधून घरी. त्या बिस्किटांना आईचा हात लागलेला नसायचा. वडिलांनी फक्त डबा धरलेला असायचा. तरी डबा संपेपर्यंत आम्ही पाहुण्यांना सांगायचो, ‘घरची बिस्किटं आहेत.’ आज लिहितानाही तो तुपाचा वास मला येतोय. तुमच्या गावात अशी भट्टी अजून चालू असेल तर चौकशी करा. ज्या आईला रविवारी उभं राहायचंही त्राण नसतं, तिच्या मुलांसाठी हीसुद्धा हाताने केलेलीच गोष्ट आहे, आणि न्यायला वडील आहेत.

हो, वडील. तुमच्या एवढ्या लांब पत्रात तुमचे यजमान एकदाच येतात, घरातल्या माणसांच्या यादीत. ते रविवारी काय करतात? मला कोणावर बोट ठेवायचं नाही. त्यांना कदाचित कोणी बोलावलंच नसेल. बट्टीचं दळण आणणं, कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजणं, पोळ्याला मातीचे बैल करणं, यातलं एखादं काम पूर्ण त्यांच्याकडे द्या. मातीचे बैल तर नक्की. शेतातली काळी माती कशी भिजवायची, शिंगं कशी टिकवायची, हे आपल्याकडच्या बहुतेक पुरुषांच्या बोटांना आठवतं.

पोळ्याचं निघालं म्हणून सांगते, दर रविवारचं व्रत सोडा. ते कोणालाच झेपत नाही, मलाही झेपलं नसतं. आपलं वर्षच हाताच्या कामांनी भरलेलं आहे, त्यातली पाच-सहा उचला. श्रावण सरताना मातीचे बैल. भाद्रपदात मुलींच्या खेळाची गुलाबाई बसते तेव्हा खिरापत. दिवाळीला आकाशकंदील. थंडीत ओव्हन, तेव्हा त्याची ऊबही हवीशी वाटते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 44-45 वर जातो, लोणी हातात वितळतं, त्या दिवसांत ओव्हन झाकून ठेवा आणि गच्ची वापरा. सगळ्या बिबड्या नकोत, चार घरं मिळून एका पातेल्याच्या करा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद माहेरी येत असेल तर तिला आणि तिच्या मुलांना धरूनच बेत करा.

गुलाबाईच्या खिरापतीकडे तुमच्या मुलीसाठी खास लक्ष द्या. डबा बंद, मैत्रिणींनी हलवून ओळखायचं आत काय आहे. तिथे रोज शेंगदाणे-फुटाणे ओळखणाऱ्या मुलींना एक दिवस नानकटाईचा डबा हलवू दे. 100 ग्रॅम साजूक तूप आणि 90 ग्रॅम पिठीसाखर हाताने पांढरं होईपर्यंत फेसायचं, त्यात 125 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम बेसन, दोन चमचे रवा, वेलची, चिमूटभर सोडा. गोळे वळून 170 अंशांवर 15 ते 18 मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागतील, गार झाल्यावर कडक होतात, तेव्हा कच्च्या राहिल्या म्हणून पुन्हा आत घालू नका. जी मुलगी घरचा केक नको म्हणाली, ती स्वतः केलेला डबा मैत्रिणींसमोर हलवताना कशी दिसते ते बघा. नाही आवडलं तिला, तर तेही ठीक.

शिवणकामाबद्दल मात्र मला थोडं थांबून सांगायचंय, कारण इथे माझ्या हातून चूक झाली आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिने बाहुलीसाठी गोधडी शिवायला घेतली. माझ्या जुन्या सुती साडीचे तुकडे, लाल दोरा, साधा धावदोरा. टाके वाकडेतिकडे, कुठे इंचभर लांब, कुठे गाठ. ती झोपल्यावर मी तिचे टाके उसवले आणि रात्री बसून सरळ घातले. मला वाटलं, सकाळी तिला आनंद होईल. सकाळी तिने ती गोधडी उलटसुलट करून पाहिली, काही बोलली नाही आणि पुढे कित्येक वर्षं सुई हातात धरली नाही. अजून ते आठवलं की माझ्या पोटात कालवतं. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते: मुलांनी केलेलं रात्री दुरुस्त करू नका. वाकडी बट्टी वाकडीच ताटात वाढा. आकाशकंदिलाची एक बाजू लहान झाली तर तो तसाच दारात लावा. आपण गुपचूप नीट केलं की मुलांना ‘तुझं चाललं नाही’ एवढंच कळतं, आणि ते फार नीट कळतं.

गोधडी करायचीच असेल तर सासूबाईंच्या जुन्या लुगड्यातून करा. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती कापड मऊ झालेलं असतं, सुई सहज जाते. मोठी घेऊ नका, उशीएवढी पुरे. हे लुगडं कोणत्या लग्नात घेतलं, ते सांगायला त्या आपोआप बसतील.

आता तुमचा मूळ प्रश्न. यातलं काही केलंच नाही तर? नोकरी, मुलांचा अभ्यास, सासूबाईंचं दुखणंखुपणं, आणि तुम्हाला मुळात पीठ-दोऱ्यात रस नाही, असंही असू शकतं. तुम्ही पत्रात कुठेच लिहिलं नाहीत की केक करताना तुम्हाला मजा आली. तशी ती कशातच येत नसेल तर ओव्हन एखाद्या भाचीला देऊन टाका, अपराधी वाटून घेऊ नका. मुलांजवळ बसून मेथी निवडली, सायकलची चेन त्यांच्याकडून बसवून घेतली, कुंडीत कोथिंबीर पेरली, तरी हात कामाला लागतातच. पण मला वाटतं तुम्हाला रस आहे. तोरणाची लोकर तुम्ही स्वतः रंग निवडून आणली असणार. ते मुलांसाठी नव्हतं, तुमचं होतं. ते मुलांच्या रविवारातून बाहेर काढा. रात्री सगळी झोपल्यावर, किंवा पतपेढीत जेवणाच्या सुट्टीत, एकटीने दोन ओळी विणा. दाराएवढं नाही झालं तर देवघराएवढं होईल.

फोनवरच्या आयांबद्दल एवढंच सांगेन की त्यांचा सांडलेला मैदा कोणी दाखवत नाही.

बट्टीचा रविवार झाला की मला लिहा. सासूबाईंना विचारून एक गोष्ट नक्की कळवा: तुमच्या घरी बट्टी आधी उकडून, कापून मग तळतात, की थेट भाजून तुपात बुडवतात? आमच्या घरी आईची एक पद्धत होती आणि आजीची दुसरी, आणि दोघींनी शेवटपर्यंत आपापली सोडली नाही.